कंबरदुखी, मानदुखी आणि ऑस्टिओपॅथी

आषाढात कोकणात भातलावणी सुरू झाली की गुडघाभर चिखलात दिवसभर ओणवे राहिलेल्या स्त्री-पुरुषांना संध्याकाळी कंबर सरळ करणे कठीण जाते. ऊसतोडणीच्या हंगामात डोक्यावरून मोळ्या वाहणारे मजूर, इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांपुढे तासन्‌तास उभे राहणारे कामगार, एस. टी.चे चालक आणि कचेरीत संगणकापुढे मान घालून बसणारे कर्मचारी यांची तक्रारही याहून फारशी वेगळी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते. माणसाची कार्यक्षमता हिरावून घेणाऱ्या विकारांत या दुखण्याचा क्रमांक जगात पहिला लागतो. ज्या घराचे पोट हातावर आहे, त्या घरात कर्त्या माणसाची कंबर धरली की रोजगार बुडतो आणि पाठोपाठ औषधांचा खर्च उभा राहतो.

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यावा, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार आहे. लचक भरली की हाडवैद्याकडे जाण्याची रीतही जुनीच. पायाळू माणसाच्या पायात काही विशेष गुण असतो, याला शास्त्राचा आधार नाही. तथापि, दुखऱ्या अंगाला जाणत्या हाताने आराम पडतो, हा अनुभव सर्व देशांत आढळतो. या अनुभवाला शिक्षणाची व शरीररचनेच्या अभ्यासाची जोड देऊन जी उपचारपद्धती उदयास आली, तिचे नाव ऑस्टिओपॅथी होय. तिचा उपयोग कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे समजून घेणे सर्वसामान्य माणसाच्या हिताचे आहे.

उगम आणि वाटचाल

या पद्धतीचे जनक अँड्र्यू टेलर स्टिल हे अमेरिकेतील वैद्य होते. १८६४ मध्ये मेंदूच्या आवरणाच्या दाहाने त्यांच्या घरातील तीन मुले दगावली. तत्कालीन औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्यांनी आपले विचार जाहीर केले आणि १८९२ मध्ये मिझुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे या विषयाचे पहिले विद्यालय स्थापन केले. हाडांची व सांध्यांची ठेवण बिघडली की रक्ताभिसरणास अडथळा येतो आणि त्यातून रोग उद्‌भवतात, अशी त्यांची धारणा होती. बहुतेक सर्व रोगांचे मूळ तेथेच आहे, हे त्यांचे मत पुढील संशोधनात टिकले नाही. मात्र हाडे, स्नायू आणि सांधे यांच्या दुखण्यावर हातांनी करावयाच्या उपचारांचा जो भाग होता, तो टिकून राहिला.

आज अमेरिकेत या शाखेचे पदवीधर संपूर्ण वैद्यकीय शिक्षण घेतात, औषधे देतात व शस्त्रक्रियाही करतात. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ प्रामुख्याने हस्तोपचार करतात आणि १९९३ च्या कायद्यानुसार त्यांना नोंदणी अनिवार्य आहे.

कंबर का दुखते?

पाठीचा कणा ३३ मणक्यांचा बनलेला असतो. त्यांपैकी मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके हलते असून उरलेले परस्परांशी जुळून गेलेले असतात. हलत्या मणक्यांच्या दरम्यान लवचीक चकत्या असतात. त्यांनाच आपण बोलीभाषेत गाद्या म्हणतो. शरीराचा बहुतांश भार कमरेच्या पाच मणक्यांवर येतो. स्वीडनमधील शल्यचिकित्सक आल्फ नाकेम्सन यांनी १९६० च्या दशकात या चकत्यांमधील दाब प्रत्यक्ष मोजला. ताठ उभे असताना जो दाब असतो, त्याहून पुढे वाकून वजन उचलताना तो कितीतरी वाढतो, असे त्यांना आढळून आले.

बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कंबरदुखीचे एकच एक कारण दाखविता येत नाही. स्नायू, अस्थिबंध, लहान सांधे यांवरील ताण, अपुरी झोप, मानसिक चिंता आणि व्यायामाचा अभाव अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. ‘मणक्यात गॅप आहे’ असे ऐकताच अनेकांचा धीर खचतो. वास्तविक, पाठीचे कसलेही दुखणे नसलेल्या व्यक्तींच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयाच्या ९६ टक्के व्यक्तींमध्ये चकत्यांची झीज दिसून आली. केसांना रुपेरी छटा यावी, तशीच ही झीज बहुधा वयाची खूण असते. केवळ छायाचित्रातील झिजेवरून भिऊन जाण्याचे कारण नाही.

उपचाराचे स्वरूप

प्रशिक्षित ऑस्टिओपॅथ प्रथम दुखण्याचा इतिहास विचारतो. रुग्णाचे उभे राहणे, चालणे, वाकणे न्याहाळतो. नंतर बोटांनी चाचपून आखडलेले स्नायू व ताठरलेले सांधे शोधतो. स्नायू मळणे, सांधे सावकाश फिरविणे, अवयवांना ताण देणे आणि रुग्णाला हाताविरुद्ध हलका जोर लावावयास सांगून स्नायू सैल करणे, ही त्याची साधने होत. काही वेळा सांध्याला जलद पण आखूड धक्का दिला जातो व ‘कट्’ असा आवाज येतो. हा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्यामुळे येतो. सरकलेले हाड जागेवर बसल्याची ती खूण नव्हे.

कोणत्या दुखण्यांत उपयोग?

कंबरदुखी हे या उपचारांचे मुख्य क्षेत्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत रुग्णाचे प्रबोधन व व्यायाम यांच्याबरोबर मणक्यांवरील हस्तोपचार आणि मालिश यांचाही समावेश आहे. उलट कंबरपट्टा, वजने लावून कंबर ताणणे व अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्य वापर करू नये, असे सुचविले आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हस्तोपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावयाचा असतो. मानदुखी, खांद्याचे दुखणे आणि मानेच्या ताणातून उद्‌भवणारी डोकेदुखी यांतही काही रुग्णांना आराम पडतो. परंतु येथे पुरावा मर्यादित आहे. गुडघ्याच्या संधिवातात मुख्य भर मांडीच्या स्नायूंच्या व्यायामावर आणि वजन घटविण्यावर असावा. हस्तोपचार तेथे फार तर पूरक ठरतो.

दमा, रक्तदाब, पोटाचे विकार किंवा तान्ह्या बाळाचे रडणे यांवर हा उपचार गुणकारी असल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. असा दावा कोणी केल्यास त्यावर विसंबून चालू असलेली औषधे बंद करू नयेत.

धोक्याच्या खुणा

हस्तोपचारापूर्वी दुखण्याचे निदान होणे अत्यावश्यक आहे. पुढील लक्षणांपैकी एकही असल्यास पाठ चोळून घेण्यात वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे :

१. लघवी तुंबणे, लघवी-शौचावरील ताबा जाणे, जांघेच्या व गुदद्वाराच्या आसपास बधिरपणा येणे अथवा पायांतील शक्ती कमी होणे. ही तातडीची अवस्था असून त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

२. संध्याकाळी येणारा ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी वेदना. मणक्याचा क्षयरोग असा सुरू होऊ शकतो. वेळीच निदान झाल्यास तो औषधांनी बरा होतो आणि शासकीय आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात.

३. पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे. पूर्वी कर्करोग झालेल्या व्यक्तीची नवी पाठदुखी.

४. छातीत दडपण व घाम यांसह डाव्या खांद्यात किंवा हातात येणारी कळ. हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते.

उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, हाडे ठिसूळ झालेली असतात. अशा पाठीवर जोराचा धक्का दिल्यास मणका मोडण्याचा संभव असतो. पाठीवर माणूस उभा करून तुडवून घेण्याची पद्धत याच कारणाने सोडून द्यावी. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्‌मयात नमूद आहेत. ती विरळा असली तरी, दाढी-कटिंगनंतर मान कडाड्‌दिशी मोडून घेण्याची हौस महागात पडू शकते, हे विसरू नये.

आपल्या हाती असलेले उपाय

नव्याने सुरू झालेली साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. एक-दोन दिवसांहून अधिक अंथरुणाला खिळून राहू नये. त्याने स्नायू दुबळे होतात. शेकावे, सोसेल तितके चालावे, हळूहळू नेहमीची कामे सुरू करावीत. वेदनाशामक गोळ्या दुकानातून मनाने आणून महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय होतो.

वेदना कमी झाल्यावर उताणे निजून गुडघे पोटाशी घेणे, गुडघे वाकवून कंबर सावकाश उचलणे, पालथे पडून कोपरांवर छाती उचलणे हे व्यायाम रोज दहा-पंधरा मिनिटे करावेत. वजन उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे व ओझे अंगाशी धरावे. लावणी, निंदणी यांसारख्या कामात दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर मागे ताणावी. बैठ्या कामात तासातून एकदा तरी उठून चार पावले चालावे.

आपल्या राज्यात ऑस्टिओपॅथीचे पदवीधर थोडे आहेत. परंतु सांधे व स्नायू यांवरील हस्तोपचार आणि व्यायामाचे शिक्षण प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञांकडून, म्हणजेच फिजिओथेरपिस्टकडून मिळू शकते. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये व जिल्हा रुग्णालये येथे ही सोय असते. उपचार करणाऱ्याचे शिक्षण व नोंदणी यांची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये.

कुशल हाताने कंबर सैल होते, वेदना काही काळ मागे हटते. त्या अवधीत रुग्णाने स्वतः हालचाल व व्यायाम सुरू केला, तरच तो आराम टिकतो. म्हणून आधी निदान, मग उपचार आणि त्याबरोबरच रोजचा व्यायाम हा क्रम प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवला, तर अनेकांचे बुडणारे रोजगार वाचतील आणि वेळीच ओळखता येणारे गंभीर आजार उसण समजून अंगावर काढले जाणार नाहीत.