विश्रांती म्हणजे आळस नव्हे

सुगी आटोपली की आपल्या गावांत लग्ने, बाप्तिस्मे आणि फेस्त यांची एकच गर्दी उडते. या दिवसांत घरोघर भेटी देताना एक गोष्ट पुष्कळदा आमच्या निदर्शनास येते. घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि घरातली सून किंवा एखादा मुलगा मागे गोठ्यात एकटाच बसलेला असतो. पहाटेपासून त्याने पाणी भरलेले असते, पंगती वाढलेल्या असतात. कामात कसूर नसते. पण आता डोके ठणकत असते, कोणाशी बोलवत नसते. घरचे म्हणतात, "माणूसघाणा आहे, फादर." आणि तो मान खाली घालून विचारतो, "हा आळसच ना, फादर?" सात प्रमुख पापांत आळस मोडतो, हे तो धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलेला असतो. मग थकव्यावर अपराधाचे ओझे चढते.

हा लेख त्याच्यासाठी आहे, तसाच त्याच्या घरच्यांसाठीही आहे.

हा स्वभाव आहे, आजार नव्हे

माणसांत अंतर्मुख आणि बहिर्मुख असे स्वभाव असतात, हे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली आपल्या ग्रंथात मांडले. बहिर्मुख माणूस चारचौघांत ताजातवाना होतो. अंतर्मुख माणसाला एकांतात शक्ती मिळते. पुढे १९९६ साली अमेरिकेच्या एलेन ॲरन यांनी अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिले. आवाज, उजेड, वास आणि दुसऱ्याचे दुःख अशा माणसांना अधिक जाणवते, म्हणून ती लवकर थकतात. शंभरात पंधरा ते वीस माणसे अशी असतात, असा त्यांचा अंदाज आहे. ती सगळीच अंतर्मुख असतात असे नाही. पण ज्याच्या ठायी दोन्ही गुण असतात, त्याला गर्दी फार जड जाते.

गाईचेच पाहा. ती भराभर चरून घेते आणि मग निवांत बसून रवंथ करते. दिवसाकाठी सहा ते आठ तास तिचे हे काम चालते. रवंथ करणाऱ्या गाईला आळशी म्हणून कोणी काठीने उठवत नाही. उलट रवंथ बंद झाला की आपण घाबरून डॉक्टरला बोलावतो. अंतर्मुख माणसाचा एकांतही असाच असतो. दिवसभर जे पाहिले, ऐकले, ते तो तिथे पचवत असतो.

फरक कसा ओळखावा?

आळशी माणूस काम टाळतो आणि त्याचे त्याला काही वाटत नाही. थकलेला माणूस काम करून बसतो आणि बसल्याचीही त्याला बोचणी लागते. विश्रांतीनंतर कामाची उमेद येते. आळसातून आळसच वाढतो. ही खूण लक्षात ठेवावी.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. कार्मेल डोंगरावर एवढे मोठे कार्य केल्यावर तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि मरण मागू लागला. देवदूताने त्याला फटकारले नाही, उपदेशही केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. त्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वताला पोहोचला.

प्रभू येशूनेही दमून आलेल्या प्रेषितांना एकांतात विसावा घेण्यास बोलावले. तिथेही लोक आले, तेव्हा त्याने त्यांना शिकवले आणि जेवू घातले. पण त्यांना निरोप देताच तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला गेला. कर्तव्य आडवे आले तरी एकांत त्याने कायमचा सोडला नाही. शब्बाथाच्या आज्ञेत तर बैलालाही विसावा सांगितला आहे. मग माणसाने संकोच का करावा?

काय करावे?

१. वेळ आधीच ठरवा. शेतकऱ्याच्या घरी वेळ कधी उरत नसतो. संध्याकाळची धार काढण्यापूर्वी अर्धा तास राखून ठेवा.

२. जागा ठरवा : मागची पडवी, बांधावरचे झाड किंवा दुपारचे रिकामे चर्च. मोबाईल घरी ठेवा, नाहीतर सारी गर्दी खिशातून बरोबर येते.

३. सांगून जा. "अर्ध्या तासात येतो," एवढे पुरे. न सांगता निघून गेल्यास गैरसमज वाढतो.

४. समारंभात हाताचे काम मागून घ्या. चूल, पाणी, वाढप सांभाळताना मदतही होते आणि बोलण्याचा ताण कमी होतो.

५. रात्री निदान सात तास झोपा. चहातील कॅफिनचा अंमल निम्मा उतरायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळनंतर चहा टाळा.

६. घरच्यांनी टोमणे मारू नयेत. सुनेला अर्धा तास मिळावा म्हणून सासूने किंवा नवऱ्याने तिचे एखादे काम उचलावे.

एक सावधगिरी

एकांताने बरे वाटले पाहिजे. दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नाही, झोप आणि भूक उडाली, कशातच रस वाटत नाही, अशी स्थिती असल्यास तो केवळ स्वभाव नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. मरणाचे विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबू नये. २०२२ सालापासून सरकारची 'टेली-मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येते.

आमचा स्वतःचा स्वभावही असाच आहे. फेस्ताच्या दिवशी शेवटचा पाहुणा गेला की आम्ही खोलीचे दार लावून तासभर गप्प बसतो. पुष्कळ वर्षे याची आम्हांला लाज वाटे. आता वाटत नाही. तेव्हा फेस्ताच्या संध्याकाळी दार बंद दिसले तर रागावू नका. तासाभराने या, आम्ही भेटू. आणि आपल्या घरात असे कोणी दार लावून बसले असेल, तर त्यालाही तेवढा तास द्या.