भाषाभ्यासासाठी घरचा संगणक



हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अशा वेधशाळेच्या गणनाकार्याचा विचार करताना प्रचंड संगणकसंचच डोळ्यांपुढे येतात, आणि अखंड शोधकार्यासाठी ते लागतातही. परंतु अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेल्या पहिल्या लहरीची सर्वांना खुली असलेली सामग्री पाहा. त्यातील बत्तीस सेकंदांचा तुकडा, सेकंदाला ४०९६ नोंदी या हिशेबाने, १,३१,०७२ संख्यांचा भरतो. एवढे विश्लेषण घरातील साधा संगणक सहज करतो. म्हणून खरेदीपूर्वी दुकानदाराला विचारण्याआधी आपली सामग्री मोजावी.

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. दहा लाख चिन्हांचा ग्रंथ तीस लाख बाइटांत मावतो. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र याहून मोठे असते! बोलीचे ध्वनिमुद्रण मात्र जागा खाते. उत्तम प्रतीचे, एकपदरी, असंपीडित मुद्रण तासाला सुमारे ३१७ मेगाबाइट होते. तेव्हा महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. आठ जीबी रॅम, एसएसडी आणि प्रती ठेवण्यासाठी वेगळी बाह्य हार्ड डिस्क एवढे पुरे. वीज अवेळी जात असेल तर यूपीएस आधी घ्यावा. वृद्ध निवेदकाचे मुद्रण एकदा नष्ट झाले, की ते पुन्हा मिळेलच असे नाही. लिनक्स आणि पायथन विनामूल्य आहेत.

खरी अडचण यंत्राची नसून लिपीची आहे. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हांची रास असते. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. युनिकोडमध्येही सावध राहावे. ‘क्षितिज’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात. पायथन मात्र सात चिन्हे मोजतो, कारण हलन्त आणि वेलांट्या तो स्वतंत्र धरतो. ‘दुसऱ्या’ यातील अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा नेहमीच्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द. प्रमाणीकरणाची नेहमीची आज्ञाही हा भेद मिटवत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. हे न केल्यास शब्दाची वारंवारता दुभंगते आणि त्यावर उभारलेला निष्कर्ष चुकतो. मुद्रितशोधनाची शिस्त असलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला हे काम नवखे वाटू नये.

स्वयंअध्ययनासाठी कृती : हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांचे कोणतेही दहा अभंग युनिकोडमध्ये टंकून घ्या. वरील दोन रूपे एक करण्यापूर्वी आणि केल्यानंतर शब्दगणना करा. फरक पडल्यास तो कोणत्या शब्दांमुळे पडला, हे वहीत नोंदवा. फरक पडला नाही, तर अभंगांत असा अर्धा र किती वेळा आला आणि तो कोणत्या प्रकारे टंकला गेला, हे तपासा.