तंबाखूची तलफ आणि यंत्रावरील अपघात

खरीप हंगाम संपत आला की सोयाबीनच्या, आणि पुढे माघ-फाल्गुनात ज्वारी, गहू व हरभरा यांच्या मळणीची घाई सुरू होते. कडबा कुट्टीची यंत्रे व गुऱ्हाळांचे चरकही याच काळात चालू असतात. यंत्रांनी शेतकऱ्याचे श्रम वाचविले, हे खरे. परंतु याच दिवसांत कोणाचे बोट, कोणाचा पंजा, तर कोणाचा कोपरापर्यंतचा हात यंत्रात जातो. अशा अपघातांची कारणे आपण सैल कपडे, रात्रीचे काम, अपुरा उजेड व मद्यपान यांत शोधतो. ती कारणे खरीच आहेत. परंतु आणखी एक कारण रोज डोळ्यांसमोर असूनही सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ते म्हणजे तंबाखूची तलफ होय.

तंबाखूमुळे कर्करोग होतो, ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे. मात्र तो धोका पुढे केव्हातरी येणारा वाटतो, म्हणून मनावर घेतला जात नाही. येथे विचार करावयाचा आहे तो आजच्या, यंत्रापाशी उभे असतानाच्या धोक्याचा.

तलफ म्हणजे काय?

तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. विडीच्या धुरातून ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचते. तंबाखू मळून गालात धरली असता ते तोंडाच्या आतील नाजूक त्वचेतून सावकाश रक्तात उतरते. चुन्यामुळे हे शोषण अधिक सुलभ होते. रक्तातील निकोटीन साधारणतः दोन तासांत निम्म्यावर येते. ज्याला सवय जडली आहे, त्याचा मेंदू मग ते पुन्हा मागू लागतो. जीव अस्वस्थ होतो, चिडचिड होते आणि हातातील कामावर चित्त ठरत नाही. यालाच आपण तलफ म्हणतो.

'तंबाखूचा बार भरला की तरतरी येते,' असे गडीमाणसे सांगतात. त्यांचा अनुभव खोटा नाही. परंतु ज्याला सवय आहे, त्याच्या बाबतीत त्या तरतरीचा मोठा भाग म्हणजे तलफेने गमावलेले अवधान परत मिळणे एवढाच असतो. आधी तलफ अवधान हिरावून घेते आणि मग तंबाखू ते काही वेळापुरते परत करते.

२०१६-१७ साली झालेल्या तंबाखूविषयक राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील १०० प्रौढ पुरुषांपैकी सुमारे ३५ पुरुष कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करताना आढळले. म्हणजेच दहा गड्यांच्या टोळीत तीन-चार जणांस ही सवय असणार, असे धरून चालावे.

अपघात कसा घडतो?

मळणी यंत्रात पीक सारणाऱ्या गड्याची कल्पना करा. दोन-अडीच तास काम अखंड चालले आहे. ढीग संपवावयाचा असल्याने यंत्र थांबविण्यास कोणी तयार नाही. गड्यास तलफ येते. तो एका हाताने पीक सारतो व दुसऱ्या हाताने कमरेची चंची चाचपतो. तळहातावर तंबाखू घेऊन चुना लावतो, मळताना नजर तळहाताकडे जाते. तेवढ्यात पेंढीचा गुंता अडकतो आणि तो घाईने मोकळा हात पुढे घालतो. यंत्राचे दाते मिनिटाला शेकडो फेरे घेत असतात. पुढचे घडण्यास क्षणही लागत नाही.

येथे हात व नजर कामावरून हटली. परंतु चंचीस हात न लावताही अपघात घडू शकतो. तंबाखू संपली आहे, मालक यंत्रापाशी खाऊ देत नाही, किंवा गड्याने ती कालच सोडली आहे. अशा वेळी हात यंत्रावर असतो, पण मन तेथे नसते. विडी ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची भर पडते. धुराने डोळे चुरचुरतात, आणि धुरातील विषारी वायूमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते, त्यामुळे दम लवकर लागतो. खळ्यात वा कडब्याच्या गंजीजवळ फेकलेल्या विडीच्या थोटकाने वर्षाची वैरण जळते, हे तर निराळेच.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील बोस्टन भागात टपाल खात्यात नव्याने नेमलेल्या २,५३७ कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कामावरील अपघातांचे प्रमाण २९ टक्क्यांनी व दुखापतींचे प्रमाण ४० टक्क्यांनी अधिक आढळले. टपालाचे काम मळणीहून कितीतरी कमी जोखमीचे. तेथे एवढा फरक पडत असेल, तर फिरत्या दात्यांपुढे उभ्या असलेल्या माणसाने किती जपावे, याचा विचार सुज्ञांनी करावा.

फवारणीच्या वेळी विशेष दक्षता

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषधे फवारताना झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले. त्यामागे अनेक कारणे होती. परंतु त्यातून घ्यावयाचा एक धडा येथे सांगणे अगत्याचे आहे. फवारणी करणाऱ्याच्या हातास औषध लागतेच. त्याच तळहातावर तंबाखू मळून ती तोंडात धरणे म्हणजे विष चिमटीने तोंडात घालणे होय. विडी ओढतानाही बोटांवरील औषध ओठांस लागते. यास्तव फवारणी संपवून, साबणाने हात-तोंड स्वच्छ धुऊन व कपडे बदलल्याखेरीज तंबाखू, विडी, पाणी वा अन्न यांपैकी काहीही तोंडाशी नेऊ नये.

मालकाने करावयाच्या गोष्टी

सर्व खापर मजुराच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. सवय एका दिवसात सुटत नाही. परंतु कामाची रीत मात्र आजच बदलता येते.

१. दर दीड-दोन तासांनी यंत्र पूर्ण बंद करून दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती द्यावी. तलफेची वेळ यंत्र चालू असताना येऊ नये, हा यातील हेतू आहे.

२. पीक सारणाऱ्या गड्याची पाळी दर विश्रांतीस बदलावी.

३. चंची, चुन्याची डबी, विडी व काडेपेटी कामाआधी खळ्याबाहेर एका ठिकाणी ठेवावी. हा नियम मालकानेही पाळावा.

४. पीक सारण्याची पत्र्याची परनाळ किमान ९० सेंटिमीटर लांब असावी व तिचा यंत्राकडील ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. चित्त क्षणभर ढळले, तरी हात दात्यांपर्यंत पोचू नये, यासाठी ही योजना आहे. मळणी यंत्रे १९८३ च्या धोकादायक यंत्रे (विनियमन) कायद्याच्या कक्षेत येतात, हेही ध्यानी ठेवावे.

५. मजुरांस तंबाखू-विडी पुरविण्याची रीत काही ठिकाणी आहे. त्याऐवजी चहा व गूळ-शेंगदाणे द्यावेत.

तंबाखू सोडावयाची असल्यास

तंबाखू सोडणे हाच खरा उपाय होय. परंतु त्यासाठी वेळ साधावी लागते. सोडल्यानंतर काही तासांतच त्रास जाणवू लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सर्वांत अधिक असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतांशी ओसरतो. यास्तव ऐन मळणीत निश्चय करून दुसऱ्याच दिवशी यंत्रासमोर उभे राहू नये. काम हलके असेल असा काळ निवडावा. मळणीच्या दिवसांत कोणी सोडलीच, तर त्याचे मन मोडू नये. त्यास निदान पहिला आठवडा पोती भरणे, धान्य वाळविणे अशी कामे द्यावीत. तलफ आली की ती बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातही चौकशी करावी.

अपघात झालाच तर

प्रथम यंत्र बंद करावे. जखमेवर तंबाखू, चुना वा राख दाबण्याची चाल अत्यंत घातक आहे, ती सोडावी. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून हात उंच धरावा. बोट तुटले असल्यास ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फात ठेवावी. बोटास बर्फ प्रत्यक्ष लागू देऊ नये. रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तेथे धनुर्वाताची लस देण्याविषयी विचारावे. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व जखम उशिरा भरते. जोडलेले बोट जगण्यातही त्यामुळे अडथळा येतो. म्हणून जखम भरेपर्यंत तरी विडी-तंबाखू संपूर्ण वर्ज्य करावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी यंत्रमालक, शेतकरी व मजूर यांना एकत्र बसवून या गोष्टी समजावून सांगाव्यात. उपदेशाच्या सुरात न बोलता, विश्रांतीच्या वेळा व चंची ठेवण्याची जागा तेथेच ठरवून घ्याव्यात. दहा मिनिटे यंत्र थांबल्याने मळणीचे फारसे नुकसान होत नाही. गेलेला हात मात्र कोणत्याही हंगामात परत येत नाही.