आधी नाणी मोजू द्या

पालकहो, बारावीची परीक्षा संपली की 'एआयचा कोर्स लावू का?' हा प्रश्न हल्ली हमखास येतो. फीचा आकडा ऐकून धस्स होतं, पण शेजारचा मुलगा जातोय म्हटल्यावर पैसे भरलेही जातात. संगणकाला चित्र 'बघायला' शिकवायचं असेल, तर निदान सुरुवातीला ही फी भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला साधा लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि चित्रं हाताळणारी ओपनसीव्ही ही तयार कोडची लायब्ररी एवढं पुरतं. महागडं ग्राफिक्स कार्डही लागत नाही.

ओपनसीव्हीचं काम गॅरी ब्रॅडस्की यांनी १९९९ मध्ये इंटेलमध्ये सुरू केलं. २००५ साली अमेरिकेच्या वाळवंटात चालकाविना शर्यत जिंकणाऱ्या स्टॅनफर्डच्या 'स्टॅन्ली' गाडीला रस्ता दिसावा म्हणून हीच लायब्ररी वापरली होती. ती आज कुणालाही फुकट मिळते, आतला कोडही खुला आहे. फुकटचं ते कमअस्सल, हा आपला हिशोब इथे चालत नाही.

मुलांनी मॅट्रिक्सचा धडा मार्कांपुरता केलेला असतो. ६४० बाय ४८०चा एक रंगीत फोटो उघडला की कळतं, हा तर ९,२१,६०० आकड्यांचा तक्ता आहे आणि प्रत्येक आकडा ० ते २५५च्या मधला! ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल अशा उलट्या क्रमाने वाचते. ते लक्षात घेतलं नाही, तर दुसऱ्या साधनात तोच फोटो दाखवताना आजोबांचा चेहरा निळा दिसतो. घरभर हसू होतं, पण हा क्रम मग जन्मात विसरला जात नाही.

पहिला प्रयोग घरचाच असू दे. गडद टेबलक्लॉथवर सुटी नाणी पसरायची, फोटो काढायचा आणि संगणकाकडून ती मोजून घ्यायची. फोटो करडा करायचा, किंचित धूसर करायचा, मग एका ठरावीक आकड्याच्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं काळं. उरले पांढरे ठिपके, त्यांच्या कडा शोधून मोजायच्या. ऐकायला सोपं! खिडकीतून तिरपं ऊन आलं की उजळलेलं कापडही नाण्यांबरोबर पांढरं होतं. दोन नाणी एकमेकांना चिकटली की दोघांचं एकच होतं. ती सुटी करायला वॉटरशेड नावाची पद्धत आहे, पण तिची गरज का पडते हे कळायला आधी नाणी चिकटलेलीच हवीत. फाइलच्या नावात एक अक्षर चुकलं, तर फोटो उघडणारी आज्ञा तिथे अडत नाही आणि बोंब होते पुढच्याच कुठल्यातरी ओळीत. मुलगी वैतागेल, जेवायला हाक मारली तर 'आले, आले' म्हणत बसेल. वैतागू द्या. क्लासमधला तयार प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालतो, म्हणूनच त्यातून फारसं काही हाती लागत नाही.

नाण्यांनंतर मुलांना चेहरे हवे असतात. त्यासाठी तयार फाइल लायब्ररीबरोबरच मिळते. समोरून पाहणारा चेहरा ती झटकन पकडते, मान वाकडी केली की गडबडते, आणि कधीकधी पडद्यावरच्या नक्षीलाही चौकट घालते. इथे मुलांशी जरा गंभीर बोला. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जास्तीत जास्त ०.८ टक्के. अशी यंत्रं उद्या आपल्या लेकरांकडेही बघणार आहेत.

तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी बिघडत नाही. 'पूर्ण झालं का?' असं विचारण्याऐवजी 'कुठे चुकतंय, दाखव' म्हणा आणि शेजारी बसा. आणि कॅमेरा शेजाऱ्यांच्या दाराकडे वळायच्या आत त्यांची परवानगी घ्यायला सांगा.