पहिली गोळी गिळण्याआधी

मी नालासोपाऱ्याची. बाविसाव्या वर्षी ताप हटेना, मानेत गाठी आल्या, हाडं दुखू लागली. जवळच्या दवाखान्यात रक्त न तपासताच गोळ्या मिळाल्या. आठवड्यात गाठी बसल्या. आई जीवदानी देवीच्या पायऱ्या चढून नारळ ठेवून आली. गोळ्या संपल्या आणि दुखणं दुपटीने उलटलं.

परळच्या रुग्णालयात निदान झालं: अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताचा कर्करोग. माझ्या वयाच्या रुग्णांसाठी एक क्लिनिकल ट्रायल, म्हणजे उपचारांची चाचणी, सुरू होती. डॉक्टरांनी आधीची औषधं विचारली. मी पर्समधली रिकामी स्ट्रिप दिली. त्यांनी ती उजेडात धरून नाव वाचलं, प्रेडनिसोलोन.

“किती दिवस घेतल्यास?”

“बारा.”

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. हे स्टेरॉइड याच कर्करोगाच्या पेशी मारतं. बरं वाटलं ते त्यामुळेच, निदान लांबलं ते त्यामुळेच आणि त्या ट्रायलच्या नियमांत मी बसले नाही तेही त्यामुळेच. नेहमीच्या उपचारांनी मी वाचले. त्या उपचारांसाठी विरार लोकलच्या राखीव डब्यात अडीच वर्षं काढली.

आमच्या वयाला उपचारांची आखणी किती महत्त्वाची, हे मला नंतर कळलं. २००८ साली अमेरिकेत १६ ते २० वर्षांच्या याच आजाराच्या रुग्णांची तुलना छापून आली. मुलांसाठी आखलेल्या ट्रायल्समधले ६७ टक्के सात वर्षांनी हयात होते, मोठ्यांसाठीच्या ट्रायल्समधले ४६ टक्के. म्हणून विचारायला लाजू नका.

ताप, गाठी रेंगाळल्या तर आधी सीबीसी ही रक्ततपासणी करा. गाठ राहिली तर तुकडा तपासून घ्या. तोवर स्टेरॉइड नको. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक स्ट्रिप जपा. निदान झालं की पहिल्या केमोआधीच विचारा, “माझ्यासाठी ट्रायल आहे का? माझ्या वयाला मुलांची उपचारपद्धत चालेल का?”

घरचे म्हणतील, “पोरीवर प्रयोग नको.” त्यांना सोबत न्या. ट्रायल बरं होण्याची हमी देत नाही, पण ती चोरून चालत नाही. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिची नोंद २००९पासून सक्तीची आहे. संमतीपत्र आपल्या भाषेत मागा, सावकाश वाचा. कधीही बाहेर पडता येतं, त्याने पुढचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली, तर २०१९च्या नियमांनुसार मोफत उपचार आणि भरपाई मिळते.

ती स्ट्रिप अजून माझ्या फाइलमध्ये आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच रक्ततपासणीची लॅब होती. रोज तिच्यावरूनच मी गोळ्या आणायला जात होते.