पिवळी पट्टी दिसली की जेसीबी थांबवा

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचे वर्कशॉप आहे. पाण्याच्या पाइपसाठी जेसीबीने खोदायचे आहे. खाली गॅसची लाइन असली तर काय काळजी घ्यावी?

उत्तर : खोदण्याआधी एमआयडीसी आणि गॅस कंपनी, दोघांनाही लेखी कळवा आणि लाइन कुठून जाते ते जागेवर आखून घ्या. आखलेल्या भागात जेसीबी नको. फावड्याने हळूहळू माती काढा. गॅसचा इशारा छापलेली पट्टी किंवा जाळी लागली, तर पाइप तिच्या खालीच आहे असे समजा. पाइपला नुसता ओरखडा गेला तरी बुजवू नका, कंपनीला कळवा.

गळती झाली तर जेसीबीचे इंजिन आणि वेल्डिंग बंद करा, माणसे वाऱ्याच्या उलट दिशेने दूर न्या आणि तिथूनच कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर व 112 वर फोन करा. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो; शेडमध्ये तो छताशी साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असताना एक ठिणगीही पुरते. दिव्याच्या बटणाला हात लावू नका.

आंध्रातील नगरम येथे जून 2014 मध्ये वायुवाहिनीच्या गळतीने भडका उडून वीसहून अधिक माणसे गेली. लेखी परवानगी हाती येईपर्यंत काम सुरू करू नका.