जुनी सही खरी, तरी उतारा जुनाच

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हीं एक प्रकार पाहिला. एका गृहस्थानें आपली जमीन विकली. फेरफाराची नोंदही झाली. पुढें त्यानेंच पेटींतील जुना सातबारा उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्यास देऊं केली. उताऱ्यावरील सही खरी, शिक्काही खरा. तरी घेणारा बुडाला. कारण, हा उतारा शेवटच्या फेरफारानंतरचा आहे काय, हें त्यानें पाहिलें नाहीं.

विहिरीवरील पंप मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या यंत्रासही हेंच लागू आहे. त्याच्या पोटांत एक आज्ञावली कायम वस्तीस असते. तीस फर्मवेअर म्हणतात. तींत दोष सांपडला म्हणजे कारखानदार सुधारलेली आवृत्ती आपल्या डिजिटल स्वाक्षरीसह पाठवितो. चांगलें यंत्र ती स्वाक्षरी तपासून बनावट आज्ञावली नाकारतें. परंतु जुन्या, सदोष आवृत्तीवरही त्याच कारखानदाराची खरी स्वाक्षरी असते! तीच पुन्हां बसवून चोरास बुजविलेलें भोक उघडतां येतें. मग मध्यरात्रीं पंप कोणाच्या हुकमानें चालेल, हें सांगवत नाहीं.

यावरील उपाय असे:

१. प्रत्येक आवृत्तीस सुरक्षा-क्रमांक असावा व तो स्वाक्षरीच्या कक्षेंत यावा. नाहीं तर कोणीही तो बदलील.

२. चालण्यास योग्य असा किमान क्रमांक यंत्रानें अशा जागीं ठेवावा, कीं तो वाढवितां येईल, पण घटवितां येणार नाहीं. चिपमधील सूक्ष्म फ्यूज याच कामीं येतात. एकदां जाळलेला फ्यूज पूर्ववत् होत नाहीं. त्याहून लहान क्रमांकाची आवृत्ती यंत्रानें सुरूच होऊं देऊं नये.

३. नवी आवृत्ती नीट चालू झाल्यावरच फ्यूज जाळावा. आधीं जाळला आणि मध्येंच वीज गेली, तर जुनी चालत नाहीं व नवी अपुरी, अशा पेचांत यंत्र निकामी होतें.

४. फ्यूज मोजकेच असतात. सबब सुरक्षेचा दोष काढला असेल तेव्हांच क्रमांक वाढवावा.

ऑगस्ट २०२२ मध्यें गूगलनें पिक्सेल ६ फोनांस अँड्रॉइड १३ देतांना असाच क्रमांक वाढविला. तें बसविल्यावर अँड्रॉइड १२ च्या जुन्या आवृत्त्या त्यांवर सुरू होईनात.

नवी आवृत्तीच बिघडलेली निघाली तर काय, असा आक्षेप कोणी घेईल. आणि तो रास्त आहे. मालकाची मागें जाण्याची वाट यानें खरोखरच बंद होते. म्हणून अशा वेळीं दुरुस्त आवृत्ती पुढील क्रमांकानें त्वरित देणें हें कारखानदाराचें कर्तव्य होय.

तात्पर्य, यंत्र घेतांना वाचकांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: हें यंत्र जुनी सदोष आवृत्ती नाकारतें काय? आणि नवी आवृत्ती किती वर्षें मिळत राहील? उत्तर तोंडी न घेतां पावतीवर लिहून घ्यावें.